कुतुबुद्दीनचा धूर

कोल्हापूरबाहेरच्या माळावर विमान उतरायचं म्हटलं, की कुतुबुद्दीन मुल्लाणीनं धूर करायचा, ही सत्तरच्या सुमाराची रीत. धावपट्टीच्या कडेला जुना टायर ठेवायचा, वर जळकं तेल ओतायचं, काडी लावायची. धूर झुकेल त्यावरनं पायलटानं वारा ओळखायचा. पायलट उतरून, चहा पिऊन परत जायचा. धूर मात्र कुतुबुद्दीनच्या खोपटात मुक्कामाला. बायको नजीरा उशीला टेकून धापा टाकायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, "धूर तरी थांबवा, न्हाईतर बाईंना तरी हलवा."

हलवणार कुठं? नोकरी माळावर, खोपटही माळावरच.

शेवटी तो गणपतरावांपुढं उभा राहिला. गणपतराव विमानतळाचे साहेब. कानात बोलले तरी गावभर ऐकू जायचं.

"साहेब, धुराऐवजी खांबाला कापडाची नळी टांगतो. वारा आत शिरतो, शेपटी उडती. मोठ्या विमानतळांवर असती म्हणं."

"टांग की! पण एकाच विमानापुरती. पायलट चकला, तर तुला त्या नळीत कोंबून मुंबईला धाडीन. आणि धूर मग जन्मभर!"

नजीरा शाहूपुरीतल्या अडत्यासाठी गुळाच्या ढेपांना खोळी शिवायची. तिनंच लाल कापडाची नळी शिवली. विमानाच्या दिवशी सकाळी वारा पडलेला. नळी खांबावर मेल्या सापासारखी लोंबत होती. वारं सुटलं की उठेल, असं कुतुबुद्दीनला वाटलं.

वारं सुटलं. नळी टम्म फुगली, गरगरली आणि खांबाला वेटोळं घालून बसली. तेवढ्यात आभाळात घरघर सुरू झाली.

"कुतुब्या, आज वारं काय चारी बाजूंनी सुटलंय व्हय रं?" गणपतराव गरजले. "लाव काडी!"

टायर तेल पिऊन तयार होता. कुतुबुद्दीननं काडेपेटी उघडली. पलीकडं खोपटाच्या दारात नजीरा पदर नाकाला लावून उभी. विमानानं एक घिरटी घातली. त्यानं वर पाहिलं. नळीचं शेपटाकडचं तोंड दुहेरी टाक्यानं शिवलेलं!

"अगं, गूळ भरायचाय का त्यात?"

"या अल्ला!" नजीरानं कपाळ बडवलं. "हाताच्या सवयीनं शिवलं की वो!"

काडेपेटी फेकून, खुरपं दातांत धरून तो खांबावर चढला.

"उतर, मुडद्या! धूर कर!"

दुसरी घिरटी आणखी खालून गेली. खांब डुलत होता, कापड तोंडावर चापट्या मारत होतं. त्यानं वेटोळं सोडवलं, टाक्यांत खुरपं घातलं, ओढलं. नळी सणकन ताठ झाली, थेट कागलच्या दिशेनं.

विमान वळलं. वाऱ्याला तोंड देऊन अलगद टेकलं.

गणपतराव धावत गेले. "दिसलं का वारं?"

"स्वच्छ दिसलं," पायलट म्हणाला. "आणि धावपट्टीसुद्धा दिसली. एरवी धुरात अंदाजानंच उतरतो."

गणपतरावांनी घसा खाकरला. खांबाकडं तोंड करून ओरडले, "उद्यापासनं धूर बंद! उतर आता, हनुमंता!"

"साहेब, पाय ऐकंनात."

"मग चढलास कशाला?"

"तवा खाली बघितलं न्हवतं की!"