अहिल्यानं बंद पाडलेला नकाशा

कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोतल्या एका कंपनीत अहिल्या लोमटेचं काम पिकं बघण्याचं होतं. शेतात जाऊन नव्हे, उपग्रहानं काढलेल्या फोटोंवरून. कुठल्या देशात गहू लवकर पिवळा पडला, कुठे जव करपले, हे कॉम्प्युटरला ओळखायला शिकवायचं आणि ती माहिती पीकविमा कंपन्यांना विकायची, असा तो धंदा. अहिल्या धाराशिव जिल्ह्यातली, तेरजवळच्या एका लहान गावची. पुण्यात इंजिनिअरिंग, मग अमेरिकेत एमएस, मग ही नोकरी आणि नोकरीवर टांगलेला व्हिसा. हजारोंसारखीच एक.

एका वसंतात ट्युनिशियातलं एक जवाचं शेत बघताना तिला वाटलं, प्रोग्राम बिघडला. हिरव्या शेतात फिकट रेघा उमटल्या होत्या. सरळ, काटकोनात वळणाऱ्या. एक मोठा चौकोन, त्याच्या आत लहान लहान चौकोन, आणि एका कोपऱ्यात नेमका गोल. शेतकरी असं पेरत नाही, हे तिला कळत होतं. मग डोक्यात लख्ख झालं. खाली दगडी भिंत असली की वरची माती पातळ, तिच्यात ओल टिकत नाही आणि तेवढंच पीक आधी पिवळं पडतं. ती शेत बघत नव्हती, जमिनीखालचं घर बघत होती.

तेर दोन हजार वर्षांपूर्वी थेट रोमपर्यंत व्यापार करणारं गाव. अहिल्याच्या गावालाही पांढऱ्या मातीचं एक जुनं टेकाड होतं. नांगरताना मणी निघत, खापरं निघत, एखादं नाणं निघे. मोटरसायकलवरून एक माणूस यायचा आणि प्लास्टिकच्या बॅटी, बिस्किटाचे पुडे देऊन पोरांकडून ते सगळं घेऊन जायचा. अहिल्याची आई प्रतिमाबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची. तिनं पोलीस पाटलाकडे तक्रार केली, तेव्हा घरावर दगड पडले. त्यानंतर आई त्या विषयावर कधी बोलली नाही. टेकाड मात्र दरवर्षी खचत गेलं. अहिल्या कॉलेजात गेली तोवर तिथे सपाट जमीन होती.

तिनं शोधाशोध करून ट्युनिशियातल्या त्या भागाच्या पुरातत्त्व कार्यालयात फोटो पाठवला. मोनिया नावाच्या बाईंचं उत्तर आलं. एक अख्खा जिल्हा, एक जुनी गाडी आणि हाताखाली दोन माणसं, एवढ्यावर त्या गेली वीस वर्षं काम करत होत्या. पंधरवड्यात त्या स्वतः त्या शेतात पोचल्या आणि तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. क्युपर्टिनोत सकाळ होती, अहिल्या बसस्टॉपवर उभी होती. फोनच्या हलत्या चित्रात तिला ऑलिव्हचं तेल काढायच्या घाण्याचा भलामोठा दगड दिसला. पाण्याचं गोल टाकं दिसलं. आणि मोनियाबाईंनी हातानं माती सारली तेव्हा न्हाणीघराची फरशी दिसली. बारीक बारीक रंगीत दगडांत जडवलेली. माशांची रांग, आणि कडेला द्राक्षाच्या घडाला तोंड लावलेला एक ससा. त्याचे कान मागे पडलेले होते, डोळा काळ्या दगडाचा होता. रोमन काळातल्या कुणा शेतकऱ्यानं हौसेनं करून घेतलेला.

अहिल्याची बस आली आणि निघूनही गेली.

मोनियाबाईंनी दुसऱ्याच दिवशी फरशीवर जाळीचं कापड अंथरलं, वर वाळू लोटली आणि वर पुन्हा शेतातली माती.

"झाकलंत?" अहिल्यानं विचारलं.

"झाकलं म्हणजेच राखलं," त्या म्हणाल्या. "माझ्याकडे पहारेकरी नाही, कुंपण नाही. कुणाला ठाऊक नसणं, एवढंच माझ्या हातात आहे. मुली, जागा कुणाला सांगू नकोस."

अहिल्यानं शब्द दिला.

पण शोधाची चटक लागली होती. तिनं प्रोग्रामला त्या फिकट रेघा ओळखायला शिकवलं आणि स्पेनपासून सीरियापर्यंत, जिथे जिथे रोमचं राज्य होतं तिथली शेतं चाळायला लावली. शेकडो ठिपके सापडले. कुठे छावणी, कुठे रस्ता, कुठे नुसतीच गोठ्याएवढी खोली. कंपनीच्या मशीनवर एवढं काम चाललेलं लपून राहणार नव्हतं. तिचा वरिष्ठ सिद्धेश एक दिवस तिच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला.

सिद्धेश दादरचा, तिच्याहून बारा-पंधरा वर्षांनी मोठा. ती नवी आली तेव्हा एअरपोर्टवर तोच घ्यायला आला होता. त्याच्या बायकोनं, राधिकानं, तिला जागा मिळेपर्यंत घरी ठेवून घेतलं होतं. ऑफिसात ती त्याला सिद्धेश म्हणायची, घरी सिद्धेशदादा.

"अगं, हे काय भन्नाट केलंयस यार!" तो म्हणाला. "लोकांना हे दाखवलं पाहिजे."

"दाखवू, पण जागा नाही दाखवायच्या. तिथल्या बाईंना मी शब्द दिलाय."

"हो हो. लोकेशन आपण रफ ठेवू. डोन्ट वरी."

त्या 'हो हो'वर तिनं विश्वास ठेवला.

एका सकाळी सगळ्या ऑफिसला मोठ्या हॉलमध्ये बोलावलं. भिंतभर पडद्यावर भूमध्य समुद्र आणि त्याच्या चहूबाजूंनी सोनेरी ठिपके. सिद्धेशनं माऊस फिरवला, एका ठिपक्यावर दाबलं आणि नकाशा सरसर खाली उतरत थेट त्या जवाच्या शेतावर, त्या चौकोनावर जाऊन थांबला. शेजारी कच्चा रस्ता दिसत होता. विहीर दिसत होती. कोपऱ्यात अक्षांश-रेखांश दिसत होते. खाली लिहिलं होतं, 'शोध: अहिल्या लोमटे'. नकाशा त्याच क्षणापासून जगभर सगळ्यांना फुकट खुला होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी तिच्या पाठीवर थाप मारली.

तिनं सिद्धेशला हॉलच्या बाहेर गाठलं.

"तू म्हणालास रफ ठेवू."

"अगं, टेस्टिंगमध्ये लोकांना झूम करायचंच होतं. रफ ठेवलं की मजाच जाते. आणि तुझं नाव दिलंय ना!"

"माझं नाव मागितलं होतं मी? ती बाई एकटी आहे तिथे. उद्या कुणी कुदळ घेऊन गेलं तर?"

"वाळवंटात कोण जातंय, अहिल्या? रिलॅक्स."

तिनं वर तक्रार केली, कंपनीच्या वकिलांना, लीगलला लिहिलं. सगळीकडून एकच गोड उत्तर आलं: मुद्दा महत्त्वाचा आहे, पुढच्या तिमाहीत बघू.

पुढच्या तिमाहीआधीच खड्डे आले. रोजच्या कामात ट्युनिशियाचे ताजे फोटो तिच्यासमोर उघडले आणि त्या चौकोनावर देवीच्या व्रणांसारखे गोल गोल काळे डाग दिसले. तिनं जुना फोटो शेजारी लावला. एकही डाग नव्हता. नव्यात मोजवत नव्हते. रस्त्यापासून शेतापर्यंत गाडीच्या चाकांची ताजी वाट पडली होती.

मोनियाबाईंनी व्हिडिओ पाठवला. बोलणं नव्हतं, नुसता वाऱ्याचा आवाज. जाळी फाडून टाकलेली, वाळू उपसलेली. माशांवरून कुणीतरी जड काहीतरी फरफटत नेलं होतं. सशाच्या जागी ग्राइंडरनं कापलेला स्वच्छ चौकोन होता आणि खाली ओला चुना.

अहिल्यानं फोन लावला आणि नकाशाचं सगळं सांगून टाकलं. मोनियाबाई रागावतील, याची तिनं तयारी ठेवली होती. त्या रागावल्या नाहीत. थकल्या आवाजात म्हणाल्या, "माझ्यावर चौकशी बसली आहे. जागा माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हती, असं ऑफिसचं म्हणणं आहे. मीच विकली, असं म्हणतात."

अहिल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वीस वर्षं जुनी गाडी ढकलत ज्या बाईनं दगड न् दगड सांभाळला, ती चोर? आणि ज्यानं घराचा पत्ता चव्हाट्यावर टांगला तो खालच्या मजल्यावर बसून कुकी खातोय?

ती सिद्धेशच्या केबिनमध्ये गेली. दोन्ही फोटो टेबलावर ठेवले.

त्यानं बघितले. क्षणभर त्याचा चेहरा खरंच पडला. मग त्यानं खुर्ची मागे रेलली. "वाईट झालं. पण आपल्या मॅपमुळेच झालं हे प्रूव्ह कसं करणार? लुटारू काय आपलं ॲप वापरतात?"

"तू वापरायला दिलंस म्हणून वापरतात! आजच्या आज बंद कर."

"अगं, इन्व्हेस्टरना दाखवलंय. असं अचानक काढलं की प्रश्न येतात. मला थोडा वेळ दे."

"तुला वेळ देऊ? मोनियाबाईंना कोण देणार?"

"आवाज खाली. आणि एक सांगतो, भाऊ म्हणून. तुझं ग्रीन कार्डचं काम अर्ध्यावर आहे. या भानगडीत पडू नकोस."

भाऊ हा शब्द तिला थोबाडीत मारल्यासारखा लागला.

त्यानंतर ती रोज कामावर येऊन आधी ठिपके बघू लागली. अल्जीरियात एका छावणीत खड्डे. सीरियात दोन ठिकाणी. रोमानियात एका टेकडीवर चक्क जेसीबीचा माग. प्रत्येक फोटो तिनं सिद्धेशला पाठवला. उत्तर येईना.

तिनं आईला फोन केला. आईला सगळं सांगितलं, आणि मनात कुठेतरी वाटत होतं की आई म्हणेल, कर.

प्रतिमाबाई म्हणाल्या, "कशाला नादी लागतेस, बाळा? इतक्या लांब गेलीस, नीट राहा. दगडधोंड्यांपायी नोकरी घालवू नकोस."

"आई, तू तक्रार केली होतीस."

"केली होती. काय झालं? टेकाड राहिलं का?"

अहिल्यानं फोन ठेवला. तिला आईचाही राग आला. इतका, की तिनं आठवडाभर तिकडे फोन केला नाही. आईनं खोटं काही सांगितलं नव्हतं, आणि राग त्याचाच होता.

सोमवारच्या सकाळच्या मीटिंगला टीममधले सगळे उभे होते. प्रत्येकानं आपण आज काय करणार ते सांगायचं, अशी पद्धत. अहिल्याची पाळी आली. तिनं लॅपटॉप हातावर धरला होता.

"मी आज रोमचा नकाशा बंद करतेय," ती म्हणाली आणि सगळ्यांदेखत बटण दाबलं. "झाला बंद. ज्याला परत चालू करायचाय त्यानं आधी हे खड्डे बघावेत." आणि तिनं सगळे फोटो एकामागून एक भिंतीवर लावले.

ओजस नावाचा तिचा सहकारी खाली बघत होता. सिद्धेश म्हणाला, "अहिल्या, बाहेर ये."

"इथेच बोल. नकाशा सगळ्यांसमोर दाखवला होतास ना?"

दुपारपर्यंत तिला कामावरून काढलं, ऑफिसचं ओळखपत्र काढून घेतलं. संध्याकाळपर्यंत नकाशा परत चालू झाला. चालू करायचं काम ओजसला करावं लागलं. व्हिसाच्या नियमाप्रमाणे दुसरी नोकरी शोधायला तिच्याकडे दोन महिने उरले.

रागानं माणूस आंधळा होतो म्हणतात. अहिल्याला रागानं कामाला लावलं. तिनं मोनियाबाईंच्या चौकशीसाठी सविस्तर जबाब लिहिला: जागा कुणी शोधली, नकाशावर कुणी टाकली, कुठल्या दिवशी, कुणाच्या सांगण्यावरून. प्रत्येक देशातल्या पुरातत्त्ववाल्यांना पत्रं पाठवली. बऱ्याच जणांनी उत्तर दिलं नाही. एका वार्ताहरानं दिलं. बातमी आली, मग दुसरी आली, आणि दोन सरकारांनी कंपनीला जाब विचारला.

तीन आठवड्यांनी नकाशावरचे ठिपके धूसर झाले. सोबत कंपनीचं पत्रक होतं: जगाचा वारसा जपण्यासाठी आम्ही स्वतःहून पुढाकार घेत आहोत. सिद्धेशचा हसरा फोटो होता. अहिल्याचं नाव कुठेच नव्हतं.

मोनियाबाई चौकशीतून सुटल्या. पण त्यांची बदली राजधानीतल्या टेबलावर झाली, शेतांपासून लांब. त्यांची गाडी दुसऱ्याच कुणाला मिळाली. ससा कुठे गेला ते कुणालाच कळलं नाही.

मुदत संपायला थोडे दिवस असताना अहिल्याला टेक्सासमधल्या शुगर लँडजवळच्या एका पूरनियंत्रण कार्यालयात काम मिळालं. नाले, तुंबणारे रस्ते, पाणी कुठून कुठे वाहतं त्याचे नकाशे. पगार कमी, उकाडा भयंकर, ऑफिसला जायला लांबचं ड्रायव्हिंग. ग्रीन कार्डचं सगळं पहिल्यापासून.

एका दुपारी पार्किंगमध्ये गाडीत बसत असताना सिद्धेशचा फोन आला.

"कशी आहेस? राधिका आठवण काढते. ऐक, आम्ही हेरिटेजसाठी वेगळी टीम करतोय. लीड म्हणून तूच हवीस. झालं गेलं विसरून जा यार."

"मोनियाबाईंची माफी मागितलीस?"

"त्यांची? अगं, लीगल म्हणतं की माफी मागितली तर आपण कबूल केल्यासारखं होतं."

"मग कबूल कर."

"तू अजून रागातच आहेस."

"हो," अहिल्या म्हणाली. "आणि राहणार आहे. राधिकावहिनींना सांग, त्यांच्याशी माझं भांडण नाही. तू मात्र मला परत फोन करू नकोस, सिद्धेश."

तिनं फोन सीटवर टाकला. गाडी भट्टीसारखी तापली होती, स्टिअरिंगला हात लावता येत नव्हता. तिनं काचा खाली केल्या. मग मोनियाबाईंना फोन लावला. तिकडे राजधानीत, ट्युनिसमध्ये, रात्रीची जेवणवेळ झाली होती, मागे ताटल्यांचा आवाज येत होता. त्या सांगत होत्या, नव्या टेबलावर बसून त्यांनी जुन्या सहकाऱ्याला गाठलंय; शेजारच्या डोंगरउतारावरच्या दोन जागा त्यानं गुपचूप वाळूखाली झाकल्या आहेत.

"कुठल्या दोन?" अहिल्याच्या तोंडून निघून गेलं.

मोनियाबाई हसल्या. "ते मी तुलाही सांगणार नाही."

"नकाच सांगू," अहिल्या म्हणाली, आणि गाडी सुरू केली.