त्या पदाची चाल कुणाची?

पोस्टकार्ड आलं तेव्हा आम्ही आमच्या भरे गावच्या देवळात तालमीला बसलो होतो. एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट… मी एकोणीस वर्षांचा. नुकतंच फुटलेलं मिसरूड रोज घासून काढायचो, कारण नाटकात मी नायिका होतो!

जत्रेला संगीत नाटक करायचं ठरलं होतं. छापील पुस्तक आणलं होतं आणि परवानगीसाठी लेखकांना पुण्याला पत्र टाकलं होतं. त्याचं हे उत्तर… 'प्रयोग जरूर करा. मात्र चाली मूळच्याच हव्यात. रविवारी स्वतः येऊन तालीम ऐकेन, मगच काय ते सांगेन.'

सगळे खूश. मंडळाचे म्होरके तात्या तर मांडीवर थाप मारून म्हणाले, "येऊ द्या की! आपल्या चाली अस्सल पुन्याच्या हायेत." माझी मात्र पाचावर धारण बसली.

त्याचं असं होतं… त्या काळी नाटकाच्या पुस्तकात प्रत्येक पदाच्या डोक्यावर लिहिलेलं असायचं, 'चाल: अमुक-अमुक'. म्हणजे आधीच्या कुठल्या तरी गाण्याची चाल घ्यायची आणि तिच्यावर हे पद म्हणायचं. आमच्या गावात त्यातलं एकही गाणं कुणी ऐकलेलं नव्हतं. तात्यांनी मला पुण्याला पिटाळलं, चाली शिकून ये म्हणून. दोन दिवस वणवण केली, कुणी दारात उभं केलं नाही.

हात हलवत घरी आलो. चुलीपुढे बसून हॉटेलातल्या रेडिओवरची एक चाल नायिकेच्या पदाला लावून पाहत होतो, तर भाकरी थापता थापता वहिनी हसायला लागल्या.

"भावजी, नवरा लढाईला निघालाय नि ही बया नाचती व्हय?"

मग त्यांनी मला पद दोनदा वाचायला लावलं आणि गुणगुणायला सुरुवात केली. भात लावताना बायका गाणी म्हणतात, त्यातलीच काहीतरी धून… पण ती त्या शब्दांवर अशी बसली की मी रेडिओवरची चाल सोडूनच दिली. वहिनींना अक्षर वाचता येत नव्हतं. आठ दिवसांत सातही पदं त्यांनी बसवून दिली.

बाईमाणसाच्या चालीवर तात्यांनी नाटक करणं शक्यच नव्हतं. म्हणून मी थाप मारली, पुण्यातल्या एका बुवांकडून शिकलो! पौडच्या हुसेनभाईंनी त्या चाली पेटीवर बसवल्या, आणि सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं. आता खुद्द लेखकच येणार म्हटल्यावर माझं बिंग फुटणार होतं. माझं सोडा… जत्रा दहा दिवसांवर आली होती आणि माझ्यापायी गावाचं नाटक बुडणार होतं.

रविवारी दुपारी लेखक आले. सत्तरीचे, काटकुळे, हातात काठी. खांबाला टेकून बसले, डोळे मिटले आणि मला म्हणाले, "म्हण."

मी म्हटलं. दुसरी ओळ संपली आणि त्यांनी हात वर केला. पेटी थांबली.

"ही चाल माझ्या पुस्तकातली नाही. कुणाची आहे?"

आणखी एक थाप जिभेवर आली होती, खरं सांगतो. पण त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि बोलून गेलो, "वहिनींची… आमच्या घरच्या."

तात्या उठून उभेच राहिले. "आरं, पुन्याची म्हनलास ना?" मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

लेखक त्यांच्याकडे न बघता म्हणाले, "बोलवा त्यांना."

वहिनी कुरडया घालत होत्या. चिकानं बरबटलेल्या हातांनी तशाच आल्या आणि देवळाच्या पायरीवर टेकल्या. पदर सावरायची सोय नव्हती. सगळ्या पुरुषांकडे पाठ केली आणि म्हणायला लागल्या… काय सांगू! हुसेनभाईंनी पेटीवरचे हात काढून मांडीवर ठेवले.

पद संपल्यावर लेखकांनी विचारलं, "दुसऱ्या ओळीच्या शेवटी तुम्ही थांबता, नुसता हुंकार देता. का?"

"तितं कायतरी र्‍हायलंय आसं वाटतंया," वहिनी म्हणाल्या.

म्हाताऱ्यानं हातातली काठी बाजूला ठेवली. मग हळू आवाजात म्हणाला, "तिथं 'एकटी' असा शब्द होता. मी दुसऱ्याच्या चालीवर पद बेतत होतो, चालीत तो मावेना, म्हणून काढून टाकला. त्याला तीस वर्षं झाली… कुणालाच माहीत नाही."

अंगावर काटा आला माझ्या. आज लिहितानाही येतोय. वाचता न येणाऱ्या बाईला कापलेल्या शब्दाची जागा सापडली होती!

त्यांनी पुस्तक उघडलं, खिशातून पेन्सिल काढली आणि छापलेल्या चालीवर काट मारली. "नाव सांगा तुमचं. इथं 'चाल' म्हणून लिहितो."

"माजी कुटं? माज्या आईची हाय. तिची लई संथ व्हती, हात चालंना म्हनून मी बदलली. तिनं बी कुनाची तरी बदलली आसंल."

"मग काय लिहू?"

"लिवू नगा बाबा," वहिनी म्हणाल्या. "लिवली की पुन्यांदा कुनाला बदलता यायची न्हाई."

पेन्सिल खिशात गेली. नाटक झालं, त्याच चालींवर झालं. त्याआधी तात्या चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत, पाचव्या दिवशी वहिनींना विचारून आले की राजाचं पद जरा चढं करता येईल का.

हल्ली नाटकांच्या नव्या प्रयोगांवरून ओरिजिनल की कॉपी असे वाद वाचतो. माझंही मत द्यावंसं वाटतं… मग राहू देतो.

वहिनी जाऊन बरीच वर्षं झाली. परवा त्यांची सून तांदूळ निवडता निवडता तीच चाल गुणगुणत होती, पण दुसऱ्या ओळीत जरा वेगळीच वळवत होती. मी ऐकत बसलो. दुरुस्त करायला गेलो नाही.