हर्शेल मॅल्किन यांचं कुंपण

ब्रॅमवेलच्या गुरांच्या बाजारात वजनकाट्यालगतचं, गुरं ठेवायचं कुंपण ‘ज्यूचं कुंपण’ म्हणून ओळखलं जाई. गुरांचे व्यापारी हर्शेल मॅल्किन आपली वासरं तिथे उतरवत. ते भाव एकदाच सांगत. घासाघीस करी ते गिऱ्हाईक, आणि त्या घासाघिशीला गावाचा शब्द होता ‘ज्यूपणा’. तो मॅल्किन यांच्या तोंडावरही वापरला जाई. त्यांची मुलगी फ्रीडा शाळा सुटली की तिथे पाणी भरायला जायची. शेणामुताची तिला कधी किळस आली नाही. या शब्दाची यायची. वडील म्हणत, माणसं वाईट नाहीत, सोडून दे. साठी गाठेपर्यंत ती सोडून देत आली.

गेल्या हिवाळ्यात मॅल्किन वारले. सुतकाच्या सात दिवसांत फ्रीडा ज्यू रिवाजाप्रमाणे घरातले आरसे झाकून बुटक्या स्टुलावर बसून होती. शेजारच्या नोरीनबाई आवाज खाली आणून ‘तुमच्या त्या लोकांत’ असं काही विचारू लागल्या, जणू आजाराचं नाव घ्यायचं होतं. फ्रीडा म्हणाली, “ज्यू म्हणा की, नोरीन. शब्द चांगला आहे. माझा आहे.”

मग बाजाराचा मालक ग्लेन हार्डर आला. तो फ्रीडाचा शाळेतला सोबती. सुतकातलं माणूस बोलेपर्यंत आलेल्यानं बोलायचं नाही, हा रिवाज फ्रीडाच्या काकांनी त्याला दारातच सांगितला. तो मांडीवर कागदात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन बसला. फ्रीडा बोलेना. शेवटी त्यानं कागद सोडला. आत ओकची पाटी होती, अक्षरं सुबक कोरलेली: ‘ज्यूचं कुंपण’. मॅल्किन यांच्या आठवणीसाठी शुक्रवारच्या लिलावाआधी ती कुंपणाच्या फाटकावर लागायची होती.

फ्रीडानं पाटीवरची अक्षरं वाचली.

“ग्लेन, बाबांचं नाव तुला ठाऊक आहे?”

“हर्शेल. ठाऊक नसायला काय झालं? पण त्या नावानं कुंपण कोण ओळखणार? अगं, आम्ही प्रेमानं म्हणायचो.”

“ते मला माहीत आहे. तुम्ही प्रेमानं म्हणायचात आणि मी घरी येऊन तोंड धुवायची. ही लावलीस तर ते गेल्यावरही त्यांना स्वतःचं नाव मिळणार नाही.”

ग्लेन ओशाळला. त्यानं पाटी परत गुंडाळली आणि नवी करून घेण्याचं कबूल केलं. जाताना काकांनी सुतकाचा रिवाज म्हणून दिलेलं उकडलेलं अंडंही त्यानं मुकाट खाल्लं.

शुक्रवारपर्यंत सुतक संपलं होतं. फ्रीडा वडिलांची शेवटची वासरं घेऊन बाजारात आली. फाटकावर काहीच नव्हतं; नवी पाटी अजून सुताराकडे होती. ग्लेननं माइकवर पुकारलं, “हर्शेल मॅल्किन यांच्या कुंपणातली वासरं.” खरेदीदार एकमेकांकडे बघू लागले. मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं, “म्हणजे ज्यूचं ना?”

ग्लेन म्हणाला, “हो, तेच.”

माइक चालू होता. दोघंतिघं हसले, बाकीच्यांनी माना डोलावल्या, आणि बोली सुरू झाली.

फ्रीडानं फाटक उघडलं आणि वासरं एकेक करून पुन्हा ट्रकमध्ये चढवली. ग्लेन माइक सोडून धावत आला; सवयीनं तोंडून गेलं, म्हणाला. तिनं ट्रकची फळी लावली, कडी घातली.

“त्याचीच तर किळस येते,” ती म्हणाली.

आता वडिलांचा धंदा ती पाहते आणि पलीकडच्या जिल्ह्यात माल विकते. नवी पाटी ब्रॅमवेलच्या फाटकावर लागली आहे, नाव बरोबर आहे. कुंपण अजून जुन्याच नावानं ओळखलं जातं.