आधी माणूस, मग काटा

निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी घड्याळसिस्टरांची एक खोड गेली नव्हती. कुणाच्याही घरी गेल्या की आधी अंथरुणावरच्या माणसाकडे बघायच्या, मग बसलेल्यांशी बोलायच्या.

घड्याळसिस्टर हे नाव त्यांना वॉर्डातल्या रुग्णांनी दिलं होतं. कण्याला मार बसलेल्या माणसाला स्वतःहून कूस बदलता येत नाही. दर दोन तासांनी कुणी वळवलं नाही, तर हाड जिथं गादीला टेकतं तिथली कातडी मरते. सिस्टरांनी तरुणपणी बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा गोल कापला, कडेनं तास लिहिले, प्रत्येक तासापुढं कूस लिहिली: आठला डावी, दहाला पाठ, बाराला उजवी. मधोमध पत्र्याचा काटा बसवला आणि ते चक्र खाटेच्या पायथ्याशी टांगलं. रुग्णाला वळवलं की काटा पुढं. दारातून जाणाऱ्या कुणालाही, अगदी लादी पुसणाऱ्या मावशींनाही, एका नजरेत कळायचं की चक्र काय म्हणतंय आणि माणूस कसा पडलाय. वर्षभरात ते सगळ्या वॉर्डांत गेलं, मग दुसऱ्या रुग्णालयांत.

नातीच्या शाळेत यंदा ‘आपल्यातले पहिले’ असा उपक्रम होता. नातीनं भर वर्गात सांगून टाकलं, की हे घड्याळ माझ्या आजीनं काढलं आणि त्यानं एका गवंड्याचा जीव वाचला. गवंड्याचा जीव तिनं स्वतःच्या मनानं वाचवला होता. घरी गोष्टीत गवंडीभाऊंचं नाव यायचं, पण गोष्ट नेहमी पुठ्ठ्यापासून सुरू व्हायची. त्याच्या आधीचं सिस्टरांनी कुणालाच सांगितलं नव्हतं.

“आजी, गवंड्याचं नक्की सांग हं,” शाळेच्या वाटेवर नात म्हणाली. “आमची मॉनिटर म्हणते, पुठ्ठा काय, कुणीही कापेल. एकदा तिचं तोंड बंद व्हायला हवं.”

सिस्टरांनी सोबत आणलेल्या चक्राची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

वर्गात मुख्याध्यापकांनी लांबलचक ओळख करून दिली. सिस्टर म्हणाल्या, “भाषण मला जमत नाही. दोन टेबलं जोडा, चादर घाला, आणि कुणीतरी पाठीवर झोपा. नाकावर माशी बसली तरी हलायचं नाही.”

“सरांना झोपवा,” मागच्या बाकावरून आवाज आला.

अंगानं भरदार असलेल्या मुख्याध्यापकांना आता माघार घेता येईना. “मीटिंगमध्ये मी रोज हेच करतो,” म्हणत ते टेबलावर चढले.

पहिली पाच मिनिटं हसण्यात गेली. दहाव्या मिनिटाला सर म्हणाले, “टाच.”

“टाचेचं काय?”

“आहे, एवढं कळतंय.”

पंधराव्या मिनिटाला माकडहाड पेटलं. विसाव्याला सरांचे विनोद आटले.

मॉनिटरनं हात वर केला. “आजी, एवढं दुखतं तर माणूस सांगेल की, मला वळवा म्हणून.”

“सरांना दुखतंय म्हणून ते बोलतायत. गवंडीभाऊंना कमरेखाली काही कळतच नव्हतं. ते वर आम्हाला हसवायचे आणि खाली कातडी मरत असायची.”

“पण तुमच्या घड्याळानं ते वाचले ना?”

नात पहिल्याच बाकावर होती. मान डोलवायला तयार बसलेली. ‘हो’ म्हटलं की काम भागत होतं.

“नाही,” सिस्टर म्हणाल्या. “ते होते तेव्हा घड्याळ नव्हतं. कागद होता. वळवलं की सही करायची. एका दुपारी वॉर्ड गच्च भरलेला. मी सही आधी करून टाकली. म्हटलं, हातातलं संपवून वळवते. राहून गेलं. मग रोजचंच झालं. इतर जणींनी माझ्या सह्या बघितल्या आणि त्याही तसंच करू लागल्या. कागद पूर्ण भरलेला आणि माणूस तिथंच पडलेला. जखम सापडली तेव्हा तिच्यात माझी मूठ गेली असती. दोन महिन्यांनी ते गेले. मग मी पुठ्ठा कापला. कागद कपाटात असतो, त्याला कोण विचारतं? काटा खोटं सांगायला लागला, तर खाटेवरचा माणूसच साक्षीला असतो.”

“म्हणजे तुम्ही चुकलात म्हणून...” मॉनिटर अडखळली.

“म्हणूनच.”

नात बाकावर नखानं रेघ ओढत होती. शाळा सुटल्यावर ही आपला हात धरेल की नाही, सिस्टरांना कळेना.

“सिस्टर,” टेबलावरून खोल आवाज आला, “तुमचं सगळं पटलं. पण आता मला वळवा हो.”

सिस्टरांनी सहा जणांना बोलावलं. चादरीच्या कडा गुंडाळून घट्ट धरायच्या, हिसका द्यायचा नाही, तीन म्हटलं की सगळ्यांनी एकदम. पाच जण आले. सरांच्या खांद्यापाशी एक जागा रिकामी राहिली. नात उठली आणि तिथं उभी राहिली.

पायथ्याशी चक्र धरून उभ्या असलेल्या मॉनिटरनं उत्साहाच्या भरात काटा पुढं सरकवला.

“मागे घे तो,” नात म्हणाली. “आधी सरांना वळवू दे.”

मॉनिटरनं काटा निमूट मागे घेतला.

“एक, दोन,” सिस्टरांनी मोजलं. मग त्यांनी नातीकडे बघितलं. “तीन,” नातीनं म्हटलं. सर उजव्या कुशीवर आले आणि “हुश्श” करून त्यांनी डोळे मिटले.

मग मॉनिटरनं काटा फिरवला.