करकोच्याचा दुसरा साक्षीदार
फोनवर पक्षीमित्रांच्या ग्रुपची शीळ वाजली, की मला पुसद रस्त्यावरचा तो तलाव आठवतो. थंडीतली सकाळ होती, मामांसोबत मी मुलगी पाहायला निघालो होतो, आणि काठच्या चिखलात चक्क काळा करकोचा उभा होता, लालभडक चोचीचा. आमच्या ग्रुपवर एकट्यानं पाहिलेला दुर्मीळ पक्षी कोणी खरा मानत नाही. दुसरा येऊन पाहीपर्यंत पहिल्यानं जागा सोडायची नसते. मी बातमी टाकली आणि इस्त्रीच्या पँटनिशी काठावर बसलो. मामा तडकले, "पाहुणे वाट पाहून राह्यले, अन् तू पाखरू राखत बसला काय बे?" शेवटी त्यांनीच मुलीकडे फोन लावून ओशाळत खरं कारण सांगितलं. थोड्या वेळानं एक स्कूटी आली. ग्रुपमधलं कोणी नव्हतं; वडिलांना मागे बसवून ती मुलगीच आली होती. माझ्याकडे न पाहताच म्हणाली, "हाय का जी अजून? द्या ती दुर्बीण." दुर्बीण तिनं बराच वेळ परत दिली नाही. मी ग्रुपवर लिहिलं, 'दुसऱ्या व्यक्तीनंही पाहिला.' कोणी, ते लिहिलं नाही. आत्ताही शीळ वाजलीय. दुर्बीण खुंटीवर नाही, आणि खाली गाडीत बसून ती हॉर्न वाजवतेय.