मॅडम रडल्या, गुणाबाईने तांदूळ निवडले

रत्नमाला मूळची पवनीची. शाळेत तिला गणितापेक्षा गणिताच्या गुरुजींची चाल जास्त चांगली जमायची. गावात दंडारीचा खेळ झाला की दुसऱ्या दिवशी त्यातली सगळी सोंगं ती ओसरीत एकटीच उभी करायची, आणि तिची आई बायजाबाई हसता हसता भाकर करपवायची. पुढे ती शिकली, परीक्षा दिली आणि साकोली भागात अंगणवाड्यांची मुख्यसेविका झाली. गावोगावच्या अंगणवाड्यांना भेटी द्यायच्या आणि महिन्याच्या बैठकीत सेविकांना प्रशिक्षण द्यायचं, हे तिचं काम. नकला मात्र सुटल्या. साहेबीण झाल्यावर शोभत नाही, असं तिनंच ठरवून टाकलं होतं.

प्रशिक्षण ती पुस्तकातून द्यायची. सेविका माना हलवायच्या, जांभया पदराआड लपवायच्या. एका बैठकीत रिता नावाच्या नव्या सेविकेनं विचारलं, "मॅडम, स्वयंनिर्णय म्हणजे काय हाये जी? लेकरात तो दिसते कसा?"

रत्नमाला व्याख्या सांगणार होती. पण तिला आदल्या दिवशी एका अंगणवाडीत पाहिलेला एक पोरगा आठवला. ती उठली, पदर खोचला आणि जमिनीवर फतकल मारून तीन वर्षांची झाली. जीभ बाहेर काढून ती माठातून ओगराळ्यानं पाणी काढू लागली. अर्धं गेलं मांडीवर, अर्धं फरशीवर. मग तीच उठून मदतनीस झाली, "अरे बाप्पा, सांडवलं सगळं!" म्हणत पेला भरून दिला. पुन्हा खाली बसून पोरगा झाली. भरलेला पेला माठात ओतला आणि ओगराळं परत हातात घेतलं.

बाया पोट धरून हसल्या. "आता सांगा," रत्नमाला धापा टाकत म्हणाली, "लेकराले काय पाहिजे होतं?"

"पाणी," कुणीतरी म्हटलं.

"पाणी तर भेटलंच होतं," रिता म्हणाली. "त्याले स्वतः भरायचं होतं!"

त्या दिवसापासून बैठकीचा रंगच बदलला. गावोगाव फिरताना रत्नमाला जे बघायची, ते बैठकीत करून दाखवायची. मग लेकरू असं काहून वागलं, आपण काय करायला पाहिजे होतं, यावर बायांची जुंपायची. तिचा नवरा विनोद विचारायचा, "तुमची बैठक हाये का खडी गंमतीचा खेळ?"

मग एकदा ही गाडी रुळावरून घसरली.

एकोडीकडच्या एका गावात गुणाबाई सेविका होती. तिचा नवरा बाबुलाल तलावात मासे धरायचा. तिच्या अंगणवाडीतला चार वर्षांचा चंदन आंब्याचं चित्र रंगवताना कागदभर काळा खडू घासत बसला होता. गुणाबाईनं कमरेवर हात ठेवून "आंबा कधी काळा असते का?" म्हटलं आणि कागद काढून घेतला. रत्नमालेनं ते पाहिलं आणि पुढच्या बैठकीत करून दाखवलं. नाव घेतलं नाही. पण कमरेवरचा हात आणि आवाजाचा हेल इतका हुबेहूब होता की सगळ्यांच्या माना गुणाबाईकडे वळल्या. गुणाबाईही हसली. चहा न घेता निघून गेली.

पुढच्या बैठकीला ती आलीच नाही. रत्नमाला दुसऱ्या दिवशी सकाळीच स्कूटी काढून तिच्या गावच्या अंगणवाडीत गेली.

"बाजारात मले बाया 'काळा आंबा' म्हणून राहिल्या, मॅडम," गुणाबाई तिच्याकडे न पाहता म्हणाली. "चूक झाली असन माझी. पण तुमी मले इथंच सांगायचं. तिथं काहून?"

"चुकलंच माझं, गुणाबाई," रत्नमाला म्हणाली. "लोक हसले की मले भान राहत नाही."

गुणाबाई थोडी सैल झाली. "आन तो आंबा ना," ती म्हणाली, "मी चंदनले दुसऱ्या दिवशी विचारलं. आंबा तणसाच्या ढिगात पिकत घातला हाये म्हणे. तिथं अंधार असते."

दोघी एकमेकींकडे पाहून एकदमच हसत सुटल्या.

तेवढ्यात दारात रडारड झाली. खुशी नावाची नवी मुलगी आईचा पदर सोडत नव्हती. गुणाबाईनं तिला ना उचललं, ना दटावलं. खिचडीचे तांदूळ सुपात घेऊन ती तिच्याशेजारी जाऊन बसली आणि खडे निवडू लागली. सूप मात्र खुशीकडे जरा कललेलं. खुशी हुंदके देत बघत राहिली. थोड्या वेळानं तिनंही एक खडा उचलला. आई कधी गेली ते तिला कळलंच नाही, असं नाही. कळलं, तिनं मान वर करून पाहिलं, आणि पुन्हा सुपात हात घातला.

"हे बैठकीत दाखवू का?" रत्नमालेनं या वेळी आधी विचारलं.

"तुमी नाही," गुणाबाई म्हणाली. "मी दाखवतो. तुमी रडा."

आणि त्या महिन्यात रत्नमाला मॅडम सगळ्यांसमोर भोकाड पसरून रडल्या. गुणाबाई सूप कलतं धरून शांतपणे तांदूळ निवडत होती, पण मॅडम इतक्या रंगात आल्या की तिला हळूच सांगावं लागलं, "आता थांबा जी, खडा उचला." मग चंदनचा आंबाही तिनं स्वतःच करून दाखवला, कमरेवरच्या हातासकट. या वेळी टाळ्या पडल्या.

तेव्हापासून त्यांचा एक नियम झाला : जिची अंगणवाडी, तिनंच दाखवायचं. मॅडमनं पाहिलेलं काही असेल तर आधी त्या बाईला विचारायचं. मॅडमच्या वाट्याला बहुतेक वेळा लेकरू येतं, आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रार नाही.

परवाच्या बैठकीत रिता उभी राहिली. तिच्याकडची एक मुलगी रोज सगळ्यांच्या चपला गोळा करते आणि तोंडं रस्त्याकडे करून ओळीनं मांडते. कुणी म्हणालं, तिला घरी जायची घाई असेल. कुणी म्हणालं, जोड्या लावायला आवडत असेल. गुणाबाईला दोन्ही पटलं नाही. बाहेर एसटीचा हॉर्न वाजला तरी बाया उठेनात.

"तिले विचारलं का?" रत्नमालेनं रिताला म्हटलं.

"नाही जी," रिता पिशवी खांद्याला लावत म्हणाली. "उद्या तिच्यासंग मीपण चपला मांडतो. मंग पाहू."