शेवाळासाठी आणलेला जांभळा दिवा

थांबा, बाकी सगळं नंतर वाचा, हे मले आत्ताच्या आत्ता सांगायचं आहे. हात अजून मिठाच्या पाण्यानं चिकट आहे, मोबाईलवर डाग पडून राह्यले, तरी टाइप करते. घरात सांगायले गेली तर सगळे हसते, अन् मी हसायच्या मूडमध्ये बिलकुल नाही.

तर. आमच्या घरी, म्हणजे पांढरकवड्यात, जिथून समुद्र पाहायचा म्हटलं तर आधी अख्खा महाराष्ट्र आडवा पार करा लागते, तिथं समुद्राच्या पाण्याची टाकी आहे. टाकी माया मामेभावाची होती. तो नागपुरात नोकरीले होता, बदली झाली, टाकी नेता येईना. म्हणे, तुले मासे आवडते ना, घेऊन जाय. टाकीसंगं दोन क्लाउनफिश आले, नारंगी, पांढऱ्या पट्ट्याचे. मोठी मादी अन् छोटा नर. छोटा दिवसभर तिच्या मागंमागं, नवीन लग्न झाल्यासारखा.

ह्या टाकीच्या खालच्या कपाटात आणखी एक लहान टाकी असते. वरचं पाणी तिच्यात उतरते अन् पंप ते परत वर फेकते. खालच्या टाकीत शेवाळ वाढवायचं. आपल्या मोरीतलं नाही, वेगळं, हिरव्या नायलॉनच्या दोऱ्याच्या गुंत्यासारखं. डिट्टो भांडे घासायची घासणी. माशांच्या घाणीचं पाण्यात जे खत होते ते हे शेवाळ खाऊन टाकते, म्हणून पाणी चांगलं राहते अन् मासे जगते. त्या जागेले रेफ्युजियम म्हणते. आईले हे सगळं समजावून सांगितलं तर आई म्हणे, "दुनिया शेवाळ घासून काढते, अन् हे पोरगी दिवा लावून वाढवते! माये, मागच्या न्हाणीत पाह्य ना, पाह्यजे तेवढं आहे."

पण दिवा लागतेच. कपाटात अंधार, शेवाळ वाढन कसं? मामेभावाचा दिवा आला तेव्हाच मिचमिच करत होता, पोळा झाला अन् तो गेलाच. तसाच दिवा ऑनलाइन पाह्यला अन् किंमत पाहून मोबाईल उलटा ठेवून दिला. तेवढ्या पैशात बाबा फवारणीचा नवा पंप आणतीन अन् वरून चहा पाजतीन.

मंग व्हिडिओ पाहणं सुरू. एक म्हणते पांढरा लावा. दुसरा म्हणते पांढरा लावाल तर पस्तावाल. तिसरा म्हणते वॅट पाहू नका, चौथा म्हणते वॅटच पाहा, अन् खाली कमेंटमध्ये सगळ्यांची मारामारी. मासे पाळणाऱ्यांच्या ग्रुपवर विचारलं तर पहिला सवाल, बजेट किती? मी खरं खरं सांगून टाकलं. त्यानंतर कोणी बोललंच नाही! पण व्हिडिओत मले एक दिसलं. ज्याच्या त्याच्या कपाटातून जांभळा उजेड येऊन राह्यला होता.

जांभळा! माया डोक्यात टणकन वाजलं. जांभळा दिवा तर आमच्याइकडे कृषी केंद्रात मिळते! कापसावर बोंडअळी पडू नये म्हणून वावरात सापळा टांगते ना, वर दिवा अन् खाली पाण्याचं घमेलं, रात्रीचे पतंग उजेडाले येते अन् पाण्यात पडते. तोच दिवा. स्वस्त, मजबूत, अन् दुकान बसस्टँडच्या बाजूले. मी स्वतःच स्वतःले शाबासकी दिली.

दुकानवाला भाऊ ओळखीचा.

"किती एकर आहे ताई?"

"एकर नाही भाऊ. बादलीएवढं आहे."

"बादलीत कापूस?"

"शेवाळ."

त्यानं आधी माया तोंडाकडे पाह्यलं, मंग बाहेर पाह्यलं, संगं कोणी मोठं माणूस आहे का म्हणून. "शेवाळावर कोणती अळी पडली बापा?"

"अळी नाही हो. मले फक्त दिवा पाह्यजे, घमेलं नको."

"न्या. पण वापस नाही घेणार, आधीच सांगतो."

घरी येऊन दिवा कपाटात टांगला, खटका दाबला, अन् काय सांगू! सगळं कपाट जांभळं, थेट त्या व्हिडिओसारखं. लगेच फोटो काढून ग्रुपवर टाकला, "वऱ्हाडी जुगाड" म्हणून. ज्या लोकांनी बजेट ऐकून तोंड फिरवलं होतं तेच आता अंगठे देऊन राह्यले. वरच्या टाकीचा दिवा बंद केला की खालचा लावायचा, अशी पद्धत असते, म्हणून मी तो सांजेपासून चालू ठेवे.

अन् सांजेले काय होते? पतंग येते! आमच्या घरामागं लगेच वावर आहे. पहिल्याच दिवशी आई स्वयंपाकघरातून ओरडली, "वरणात काय पडलं पाह्य! वं माय, हे तर उडून राह्यलं!" शेजारी राहणारा काका वावरातून आला तो दारातच उभा राहून हसे.

"आमच्या सापळ्यात आज चार पतंग नाही. मी म्हटलं गेले कुठं? हे पाह्य, सगळे पुतणीच्या घरी पाहुणचाराले!"

"काका, गंमत नको करू, ते शेवाळासाठी आहे."

"मी कुठं गंमत करून राह्यलो? तू माया कापूस वाचवून राह्यली. चालू ठेव, चालू ठेव."

मले असा राग आला ना! कपाटाले पडदा लावला. तर पतंग मागून, पायपाच्या भोकातून आत. सकाळी पाह्यलं तर खालच्या टाकीत पंखच पंख, अन् पंखांच्या भुकटीची साय पाण्यावर, तेल सांडल्यासारखी. मी चहाची गाळणी घेऊन बसे. आई म्हणे ते गाळणी आता परत चुलीजवळ आणू नको.

अन् शेवाळ? वाढणं गेलं खड्ड्यात, फिकं पडून राह्यलं. मी म्हटलं नवीन दिवा आहे, सवय व्हायची आहे. सवय! जसं काही सासरी आलं. मंग हात लावला की तुटे, लिबलिबीत, वास. पाणी तपासायच्या नळीत रंग लालभडक, म्हणजे पाण्यात घाण लय वाढलेली. अन् छोट्यानं खाणं सोडलं. मोठीच्या मागं फिरणंबी सोडलं. वर पाण्याच्या तोंडाशी येऊन नुसता श्वास घेत राहे.

तवा मी ते वाचलं जे दिवा आणायच्या आधी वाचायले पाह्यजे होतं. पतंगाच्या सापळ्यातला दिवा पतंगाच्या डोळ्यासाठी बनवला राहते. त्याचा बराचसा उजेड आपल्याले दिसतबी नाही अन् झाडाच्याबी कामाचा नाही. व्हिडिओतला जांभळा म्हणजे लाल अन् निळा मिळून झालेला, त्याच्यावर शेवाळ वाढते. मोबाईलवर दोन्ही सारखेच दिसते! म्हणजे मी रोज दिवा लावून त्या शेवाळाले उपाशी ठेवलं, अन् वरून पाण्यात मेलेल्या पतंगांचं खत घातलं. अन् तिथंच हेबी लिहिलेलं, की घराबाहेर लावायचा साधा पांढरा एलईडी फोकसबी चालते. साधा! पांढरा!

तसा फोकस काकाच्या कापूस मोजायच्या शेडवर टांगलेला आहे. धावतच गेली.

काका म्हणे, "नेय. पण तुया तो पतंगवाला दिवा मले दे. लय चांगला ओढते."

अदलाबदली झाली. फोकस लावला, अर्धं पाणी बदललं, सडकं शेवाळ काढून फेकलं, मुठीएवढं चांगलं उरलं ते ठेवलं. मले वाटलं वेळेवर झालं. नव्हतं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी छोटा तळाले पडलेला होता. आईनंच आधी पाह्यलं. हसली नाही, फक्त म्हणे, "मोठी त्याच्याजवळच उभी आहे वं."

आज त्या मुठीएवढ्या शेवाळाले हिरवेगार नवे टोकं आले. आत्ताच हात घालून पाह्यलं. आनंद व्हायले पाह्यजे ना? मले नुसता संताप येऊन राह्यला. आता वाढून राह्यलं! मोठी कोपऱ्यातून हलत नाही, दाणे टाकले तर एखादा तोंडात घेते अन् थुकते. अन् इकडे ग्रुपवर माया त्या जुन्या फोटोखाली कोणीतरी लिहिलं, "भारी जुगाड, मीबी आजच आणतो." म्हणून ही घाई. नको आणू रे भाऊ! तो फोटो ग्रुपवरून काढून टाकला मी, पण किती जणांनी पाह्यला काय माहीत.

तुमच्या माशांच्या जोडीतला एक गेला तवा दुसऱ्यानं खाणं परत सुरू केलं का? कवा केलं? अन् नुसता रंग पाहून भलतीच वस्तू घरी आणणारी मी एकटीच का, का तुमच्यासंगंबी झालं असं? खरं खरं सांगा.